गोणीतल्या साड्या आणि लेबलावरचं तुमचं नाव

प्रश्न थोडक्यात असा आहे. धायरीत राहणाऱ्या एका ताईंनी चार महिने घरून 'डिस्पॅच'चं काम केलं. इन्स्टाग्रामवर साड्या विकणारं एक दुकान, मालक फक्त फोनवर भेटलेला. आठवड्याला टेम्पोतून गोण्या यायच्या, आत सीलबंद पाकिटं. मोबाईलवर आलेली लेबलं छापून चिकटवायची, संध्याकाळी कुरिअरचा मुलगा घेऊन जाणार, पाकिटामागे ८ रुपये. कुरिअरचं खातं ताईंच्या आधार-पॅनवर उघडलेलं. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसेही त्यांच्याच बचत खात्यात यायचे. आपले ८ रुपये ठेवून बाकीचे त्या मालक सांगेल त्या यूपीआय आयडीवर पाठवायच्या. अशी २,१०० पाकिटं गेली. आता खातं होल्डवर आहे, लेबलावरच्या नंबरवर दिवसभर शिव्यांचे फोन येतात, परराज्यातल्या पोलिसांची नोटीस ईमेलवर आली आहे आणि मालकाचा फोन बंद. ताई विचारतात: मी गुन्हेगार ठरते का? खातं कधी उघडेल? लोकांचे पैसे मी परत करू का? आणि गॅलरीत अजून दोन गोण्या पडल्या आहेत, त्यांचं काय करू? शेवटी, यजमानांना हे सांगावं का?

ताई, मी शिवाजीनगर कोर्टात अठरा वर्षं फौजदारी वकिली करतोय. गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावर तुमच्यासारख्या फायलीच जास्त येतात. तेव्हा आधी एक गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं. 'मला काही माहीत नव्हतं' हे वाक्य पोलीस रोज ऐकतात, त्यावर ते हो-नाही काहीच म्हणत नाहीत. ते दोन तारखा शोधतात. तुम्हाला पहिली शंका कधी आली, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत. पहिली तारीख तुमच्या हातात नाही, ती होऊन गेली. दुसरी अजून तुमच्या हातात आहे, आणि ती आज आहे.

या धंद्याला तुमचं घर का लागलं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कॅश ऑन डिलिव्हरीत गिऱ्हाईक पैसे देतं पाकीट फोडायच्या आधी. पैसे कुरिअरवाल्याकडे जातात आणि काही दिवसांनी विक्रेत्याच्या खात्यात जमा होतात. त्यासाठी विक्रेत्याला चार गोष्टी दाखवाव्या लागतात: केवायसी झालेली व्यक्ती, पिकअपचा पत्ता, न घेतलेली पार्सलं परत येण्याचा पत्ता आणि बँक खातं. चारही गोष्टी तुम्ही दिल्यात. 'मालका'नं स्वतःचं काय दिलं? एक फोन नंबर, तोही बहुधा दुसऱ्या कोणाच्या नावावरचा. तुम्ही स्वतःला मदतनीस समजत होता, पण कागदावर दुकान तुमचंच आहे. हे कडू वाटेल, पण इथूनच सुरुवात करायला हवी.

आता एक घरची गोष्ट. तीनेक वर्षांपूर्वी माझ्या आईनं फेसबुकवर पाहून एक साडी मागवली. ८९९ रुपये, दारात रोख दिले. पाकिटातून निघाला खिडकीच्या पडद्याचा, कडा न शिवलेला एक तुकडा. आईनं तो बरेच दिवस ओट्यावर पुसायला वापरला, आणि प्रत्येक वेळी पुसताना लेबलावरच्या बाईचा उद्धार केला. लेबलावर खरंच एका बाईचं नाव होतं, कुठल्याशा सोसायटीतला फ्लॅट नंबर होता. मीही तेव्हा तिलाच चोर समजलो. वकील असून. आज तिकडे कोण राहत असेल याचा अंदाज मला येतो. पण तुम्हाला फोन करणाऱ्यांना तो येणार नाही, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. 'या व्यवहाराची मी स्वतः पोलिसांत तक्रार दिली आहे, तुम्हीही १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार द्या', एवढंच सांगा आणि फोन ठेवा. अर्थात हे वाक्य बोलण्याआधी ते खरं असायला हवं, म्हणून तक्रारीचं आधी बघू.

तक्रार तुम्ही स्वतः द्यायची, कुणी बोलावण्याची वाट न पाहता. पुण्यात इथे पहिला घोळ हद्दीचा होतो. धायरी पुणे शहर पोलिसांकडे येते. हिंजवडी, वाकडकडची माणसं २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात गेली, तरी अजून शिवाजीनगरला येऊन रांगेत उभी राहतात आणि अर्ध्या दिवसानं परत जातात. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो, त्यामुळे ठाण्यातला उपनिरीक्षक 'सायबरला जा' म्हणेल. म्हणू दे. तुम्ही लेखी अर्ज दोन प्रतींत न्या, एक त्यांना, एकीवर आवक शिक्का आणि तारीख. हद्दीच्या ठाण्यातही द्या, सायबर पोलीस ठाण्यातही द्या. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं उपायुक्तांना पाठवा आणि पावती जपा. मी आजवर पाहिलेल्या फायलींत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी पुरावा तो गोल शिक्काच असतो.

अर्जात काय लिहायचं? सगळं, आणि क्रमानं. जाहिरात कुठे पाहिली, पहिला फोन कधी, कागदपत्रं कशी दिली, किती गोण्या, किती पैसे आले, कुठे गेले, स्वतःला किती उरले. २,१०० गुणिले ८ म्हणजे १६,८०० रुपये. हा आकडा लपवू नका, उलट ठळक लिहा. चार महिन्यांत खात्यातून दहा-अकरा लाख फिरले आणि बाईंकडे १६,८०० राहिले, यातून तुमची जागा आपोआप कळते. ही रक्कम कोर्टाच्या आदेशाप्रमाणे जमा करायला तयार आहे, असंही लिहा. अशी एक ओळ जामिनाच्या वेळी माझं अर्धं काम करून ठेवते.

आणि शंका कधी आली तेही लिहा. इथे माणसं हमखास खोटं बोलतात आणि तिथेच अडकतात. एक उदाहरण देतो, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. एका बाईंनी असंच काम केलं होतं. त्या भिशीची वही ठेवायच्या, आणि त्याच वहीच्या मागच्या पानांवर पाकिटांचा हिशेब. त्यात एका तारखेपुढे बारीक अक्षरात लिहिलेलं: 'भाऊंना विचारलं पाकीट हलकं का. म्हणाले जॉर्जेट आहे.' मला ती ओळ सापडली तेव्हा मी खूश झालो, विचारणारी बाई कटात नसते ना! सरकारी वकिलांनी तीच ओळ उचलली आणि म्हणाले, म्हणजे संशय आलाच होता, मग पुढची साठ पाकिटं का पाठवली? वही दोन्ही बाजूंनी कापत होती. शेवटी तारलं ते याच गोष्टीनं की वही तिनं पहिल्याच दिवशी स्वतःहून पोलिसांपुढे ठेवली होती. आमच्याकडून लपवलेली वही मागाहून निघाली असती तर मला बोलायला तोंड राहिलं नसतं.

तुमच्या पाकिटांचंही तसंच आहे. लेबलावर 'साडी', किंमत १,०९९ आणि वजन छापलेलं असतं. कुरिअरच्या हबमध्ये ते पुन्हा काट्यावर चढतं, त्याची नोंद राहते. तुम्ही आजवर किती साड्यांच्या घड्या घातल्या असतील! बरी सुती साडीही चार-पाचशे ग्रॅम भरते. जे पाकीट शंभर-सव्वाशे ग्रॅमचं आहे ते हातात घेताना काहीच वाटलं नाही का, हा प्रश्न विचारला जाणार. उत्तर आजच स्वतःशी खरं करून ठेवा. 'पाकिटं सीलबंद होती, काम पाकिटावर होतं, घाई होती, वाटलं ब्लाऊजपीस असेल' हे खरं असेल तर तेच सांगा. वकिलानं शिकवलेलं उत्तर पोलिसांना दोन मिनिटांत कळतं. (आम्हालाही कळतं, पण आम्ही बोलत नाही.)

दुसरी खूण म्हणजे परत आलेली पार्सलं. कुरिअरच्या भाषेत आरटीओ. संगम पुलाजवळचं नव्हे, रिटर्न टू ओरिजिन. तुमच्याकडे निम्मी पाकिटं परत आली असतील तर त्यांचं पुढे काय झालं? तीच पाकिटं नवं लेबल लावून दुसऱ्या नावावर पाठवायला सांगितली असतील तर तारखांसकट लिहा. हे आधी बाहेर आलं तर तपास मालकाच्या दिशेनं जातो. नंतर आलं तर तुमच्या.

आता 'मी गुन्हेगार ठरते का' याचं थेट उत्तर. फसवणुकीला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ला, अप्रामाणिक हेतू लागतो. तो मालकाचा होता, तुमचा होता हे सरकारपक्षाला दाखवावं लागेल. सोबत बहुतेक वेळा माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड, म्हणजे संगणक-मोबाईल वापरून तोतयेगिरीनं केलेली फसवणूक, लागतं. पण मला तुमच्या बाबतीत जास्त काळजी ३१७ ची, म्हणजे चोरीची मालमत्ता घेण्याच्या कलमाची, वाटते. जुन्या दंड संहितेत चोरीच्या मालमत्तेच्या व्याख्येत फसवणुकीनं मिळवलेली मालमत्ता सरळ लिहिलेली नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनं तो शब्द घातला. तिथे 'माहीत असून' च्या जोडीला 'मानायला कारण असताना' असंही लिहिलंय. म्हणजे माहीत नव्हतं एवढ्यावर भागत नाही, कळायला हवं होतं का हेही बघितलं जातं. वजनाचा आणि आरटीओचा प्रश्न मी उगाच लांबवला नाही.

२०१८ च्या कॉसमॉस बँकेच्या सायबर चोरीच्या प्रकरणाची पुण्यात अजून आठवण निघते. ११ आणि १३ ऑगस्टला मिळून सुमारे ९४ कोटी गेले, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. २०२३ मध्ये आमच्याच शिवाजीनगर कोर्टात ११ जणांना शिक्षा झाली. त्यात बनावट कार्डं घेऊन एटीएमपुढे उभं राहणारी माणसं होती. त्यांना आपण काय करतोय ते माहीत होतं, तुमचं तसं नाही, हा फरक मोठा आहे. पण साखळीची जी कडी कॅमेऱ्यात आणि कागदावर दिसते ती आधी हाती लागते, हे तिथेही तसंच होतं.

अटकेची भीती वाटते आहे हे तुमच्या प्रश्नावरून कळतं. या कलमांना शिक्षा सात वर्षांपर्यंतची. अशा गुन्ह्यांत आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, ऊठसूट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलंय. आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, ती नोटीस कलम ३५ मध्ये आहे. तिला वेळेवर हजर राहणाऱ्याला सहसा अटक होत नाही, केली तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. मात्र न्याय संहितेतलं संघटित गुन्हेगारीचं कलम १११ जोडलं गेलं असेल तर शिक्षेची पट्टीच बदलते, तेव्हा एफआयआर वाचल्याशिवाय निर्धास्त होऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशापासून, संवेदनशील गुन्हे सोडले तर, एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर टाकावी लागते. नोटिशीतला गुन्हा क्रमांक घेऊन ती आधी उतरवून घ्या.

आणि नोटीस कोणत्या कलमाची आहे ते वाचा. ही गोष्ट नव्वद टक्के लोक करत नाहीत, नुसतं 'पोलीस' वाचूनच त्यांना घाम फुटतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची असेल तर फक्त कागदपत्रं किंवा माहिती मागितलेली असते, ती पोचवली की झालं. कलम १७९ ची असेल तर तुम्ही साक्षीदार आहात. ती नोटीस अधिकाऱ्याला फक्त आपल्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसाला देता येते, शिवाय स्त्रीला जबाबासाठी राहत्या जागेखेरीज दुसरीकडे यायला भाग पाडता येत नाही. म्हणजे परराज्यातला हवालदार 'उद्या इकडे या' म्हणाला तर ते कायद्यात बसत नाही. नम्रपणे लेखी उत्तर द्या: जबाब द्यायला तयार आहे, माझ्या पत्त्यावर यावं किंवा व्हिडिओवर घ्यावा. कलम ३५ ची असेल तर मात्र तुम्हाला संशयित धरलंय. ती व्हॉट्सॲपवर धाडून चालत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये स्पष्ट केलं, पण या मुद्द्यावर घरी बसून राहण्याचा सल्ला मी देणार नाही. वकिलाला भेटा. गुन्हा परराज्यात असला तरी इथल्या सत्र न्यायालयातून किंवा उच्च न्यायालयातून थोड्या मुदतीचा अटकपूर्व जामीन घेऊन तिकडच्या कोर्टात जाता येतं, हे २०२३ पासून पक्कं झालंय.

ईमेलवरची नोटीस खरी आहे का, तेही पडताळा. नोटिशीतल्या नंबरवर फोन करून नाही. त्या राज्याच्या पोलिसांच्या संकेतस्थळावरून ठाण्याचा नंबर काढा आणि तिथे गुन्हा क्रमांक विचारा. कारण तुमच्यासारख्या घाबरलेल्या माणसांमागे दुसरी टोळी लागलेली असते. कोणी 'सायबर सेलमधून' व्हिडिओ कॉल करून कॅमेऱ्यासमोर बसवतं, डिजिटल अटक म्हणतं. असली अटक कुठल्याच कायद्यात नाही. कोणी 'खातं उघडून देतो, होल्डच्या दहा टक्के द्या' म्हणतं. गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं पहिल्या प्रकरणात ४,००० रुपयांचं होल्ड होतं आणि ते उघडायच्या नादात ३५,००० गेले.

आता खातं. लोकांनी पैसे रोख दिले होते, मग पोलिसांना तुमचं खातं कसं सापडलं? कुरिअर कंपनीनं विक्रेत्याचं केवायसी आणि खाते क्रमांक दिला. पण तुमचं स्टेटमेंट नीट चाळा. कुरिअरकडून आलेल्या रकमांशिवाय अनोळखी नावांचे थेट यूपीआय जमा दिसतात का? मालकानं 'आधी पैसे भरा, शंभर सूट' म्हणून तुमचाच क्यूआर कोड दुकानावर लावला असण्याची दाट शक्यता आहे. १९३० वरून पटकन होल्ड लागतं ते बहुधा अशाच पैशांना. दोन्ही प्रकार वेगवेगळ्या रंगांनी रंगवा. मी अजूनही स्टेटमेंट छापून घेतो आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या हायलायटरनं बसतो, संगणकावर ते डोक्यात शिरत नाही.

कुरिअरच्या जमा रकमांचा एक फायदा आहे. प्रत्येक पार्सलला एडब्ल्यूबी नंबर (म्हणजे ट्रॅकिंग नंबर) असतो आणि कोणत्या नंबरचे किती पैसे कधी जमा केले याचा तक्ता कंपनीच्या पोर्टलवर मिळतो. ते खातं तुमच्या नावावर आहे. पासवर्ड मालकाकडे असला तरी मोबाईल तुमचा नोंदवलेला असेल, तर पासवर्ड बदलून आत शिरा आणि सगळे तक्ते आजच उतरवून घ्या. कंपनीनं खातं बंद केलं की ते काढायला महिने जातात. नोंदवलेला मोबाईल मालकाचा निघाला, तर तो स्वतःच एक पुरावा.

बँकेला लेखी अर्ज द्या: होल्ड किती रकमेवर, कोणत्या तक्रार क्रमांकावरून, कोणत्या ठाण्याकडून, तपास अधिकाऱ्याचा ईमेल काय. काउंटरवर 'वरून आलंय' एवढंच सांगतात, ते ऐकून परत येऊ नका. वादातल्या रकमेपुरतं होल्ड असणं वेगळं आणि अख्खं खातं गोठवणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराविरुद्ध उच्च न्यायालयांनी बऱ्याचदा हस्तक्षेप केलाय. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये होल्ड वादातल्या रकमेपुरतं ठेवायला सांगितलं. दिल्लीत तर एका छोले-भटुरे विकणाऱ्याचं खातं १०५ रुपयांसाठी गोठवलं होतं, तेही उच्च न्यायालयात जाऊन उघडावं लागलं. तुमच्याकडे मात्र वादातली रक्कम दहा लाख आणि खात्यात शिल्लक काही हजार असं असेल, तेव्हा 'फक्त वादातली रक्कम' हा युक्तिवाद फारसा कामाचा नाही. खरं सांगायचं तर ते खातं काही महिने विसरा. गॅसचं अनुदान, मुलांच्या फीचा हप्ता, जे काही त्यावर येतं-जातं ते दुसऱ्या बँकेतल्या जुन्या खात्याकडे वळवा. होल्ड चुकवायला नवीन खातं उघडून त्यात यातले पैसे फिरवू नका, तिथे तुमचा निरपराधपणा संपतो.

तपास अधिकाऱ्याला उत्तर, मग तिकडच्या दंडाधिकाऱ्याकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज, त्यावर पोलिसांचा 'से' म्हणजे लेखी म्हणणं, आणि नाहीच जमलं तर उच्च न्यायालयात रिट याचिका, असा रस्ता आहे. आपल्यासाठी उच्च न्यायालय म्हणजे मुंबई. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, पण पुणे जिल्हा त्यात नाही, आम्ही अजून सव्वासातची डेक्कन क्वीनच पकडतो. हा खर्च १६,८०० च्या कितीतरी पट होईल, त्यामुळे रिटची घाई करू नका.

लोकांचे पैसे परत करावेत का? तुमचा जीव तुटतोय हे कळतं. पण फोन करणाऱ्या प्रत्येकाला हजार-बाराशे पाठवत बसू नका. एक तर तो खरंच गिऱ्हाईक आहे हे तुम्हाला कळणार नाही, आणि पैसे देऊनही तक्रार जागेवरच राहील. ज्याची तक्रार नोंदलेली आहे त्याला पैसे द्यायचे असतील तर तपास अधिकाऱ्याला कळवून, बँकेतून, आणि 'माझी तक्रार राहिली नाही' असं लेखी घेऊन. कलम ३१८ मध्ये कोर्टाच्या परवानगीनं तडजोड होऊ शकते, पण ती फिर्यादीनं करायची असते, व्हॉट्सॲपवर नव्हे. माझं मत विचाराल तर ज्या थेट यूपीआय रकमा तुमच्या खात्यात अजून शिल्लक आहेत, तेवढ्या परत जाऊ द्यायला हरकत नाही असं पोलिसांना लेखी कळवा. मालकाकडे गेलेले पैसे खिशातून भरायला मंगळसूत्र मोडू नका. तुमच्याआधी एकीनं ते केलंय, आणि तिच्यावरचा गुन्हा काही मागे गेला नाही.

फोन बदलू नका, रीसेट करू नका, मालकाला ब्लॉक करू नका. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, आपोआप मिटणारे मेसेज चालू असतील तर ते आधी बंद करा. कोर्टात स्क्रीनशॉट द्यायचे तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी मूळ फोन हवा. पोलिसांनी फोन घेतला तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागा आणि आयएमईआय नंबर बरोबर लिहिलाय ना ते तिथेच बघा.

आधार-पॅन एकदा दिलंय म्हटल्यावर त्यावर आणखी काय उघडलंय तेही बघून घ्या. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून शोधलं की त्यावरच्या नोंदण्या दिसतात. 'संचार साथी'वर तुमच्या नावावरची सिमकार्डं दिसतात. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात न घेतलेलं कर्ज आहे का पाहा. काही निघालं तर त्याच तक्रार अर्जाला पुरवणी अर्ज जोडा.

यजमानांना सांगावं का, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. पोलीस घरी येतील तेव्हा दार कोण उघडेल? मग आज रात्रीच सांगा, जेवण झाल्यावर.

राहिल्या गोण्या. मालकानं माणूस पाठवला तर द्यायच्या नाहीत, फोडून बघायच्या नाहीत, कचऱ्याच्या गाडीत तर अजिबात टाकायच्या नाहीत. तो मुद्देमाल आहे आणि त्यातच तुमचा बचाव आहे, कारण सील मालकाचं आहे. दोन शेजाऱ्यांसमोर गोण्यांचे आणि वरच्या शिलाईचे फोटो काढा, एखादी गोणी आधीच उघडलेली असेल तर तिच्यातली वरवर दिसणारी पाकिटं मोजा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यातली तीन-चार न फोडता ठेवून काट्याच्या आकड्यासकट फोटो घ्या, कागदावर तारीख-वेळ घालून तिघांच्या सह्या. तक्रार अर्जात 'माल माझ्याकडे आहे, पंचनामा करून ताब्यात घ्यावा' अशी विनंती करा. पोलीस लगेच येणार नाहीत, आठवडे लागतील. तोवर पाऊस आला आणि गोण्या आत घ्याव्या लागल्या, तर हलवण्याआधी एक फोटो आणि हलवल्यावर एक.